एका वेलीची एक बाटली

बोर्डो हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकत असणार, पण तो वाईनचा नव्हता. निफाड तालुक्यात द्राक्षबागेच्या घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, बोर्डो म्हणजे वेलींवर फवारायचं औषध, मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना. दोन ड्रम, एकात मोरचूद विरघळवलेलं, दुसऱ्यात चुना कालवलेला, मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतायचं, चुना मोरचुदात नाही, आणि काठीने ढवळत राहायचं, मग जे निळंशार तयार होतं ते बोर्डो. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर, हे झालं एक टक्क्याचं. दादा म्हणजे माझे वडील त्यात विळ्याचं पातं बुडवून धरायचे, थोड्या वेळाने वर काढून उजेडात बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडलाय, तसंच मारलं तर पानं करपणार, मग अजून चुना घाला. पातं स्वच्छ निघालं की म्हणायचे, "झालं बोर्डो, चला." आणि दिवसभर सगळ्यांचे कपडे, गमबूट, भुवया निळ्या.

ते फ्रान्समधल्या, वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या एका शहराचं नाव आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. २०२१ मध्ये कामासाठी इकडे यायचं ठरलं तेव्हा आईने शेजारच्या काकूंना सांगितलं की पोरगी बोर्डोला चाललीय, तर काकूंनी विचारलं, औषधाच्या कंपनीत का गं? काकूंचं काही चुकलं नव्हतं. आमच्या सगळ्या तालुक्यासाठी त्या शब्दाचा तेवढाच अर्थ आहे. आता इथे चार वर्षं झाली, बोलताना फवाऱ्याला बोर्डो आणि गावाला बोर्दो म्हणायची सवय लागलीय, पण दोन्हीचं मूळ एकच आहे आणि ती गोष्ट मला फार आवडते.

झालं असं की १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी फ्रान्सच्या बागांमध्ये शिरली, तीच आपली डाऊनी, वेलीच्या पानांवर पडणारी बुरशी, काही जण केवडा म्हणतात. बागाच्या बागा उघड्या पडायला लागल्या. बोर्दोच्या उत्तरेला मेदोक नावाचा भाग आहे, तिथे सॅं-ज्युलियें गावाजवळून १८८२ मध्ये मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चालले होते. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या बागेची पानगळ झालीय पण रस्त्याच्या कडेच्या ओळी तेवढ्या हिरव्यागार उभ्या आहेत. चौकशी केली तर कळलं की येणारे जाणारे घड तोडून खातात म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायची तिथे रीत होती, म्हणजे पानं विषारी दिसावीत आणि कुणी हात लावू नये. चोरासाठी लावलेलं औषध रोगाला लागू पडलं होतं. पुढे मियार्देंनी प्रयोग केले, रसायनशास्त्राचे प्राध्यापक गेयाँ बरोबर होते, आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रमाण जाहीर केलं. इथे त्याला म्हणतात बुयी बोर्दलेझ. आपल्याकडे येईपर्यंत बुयी गळालं आणि बोर्डो राहिलं.

हे सगळं सांगतेय कारण ज्या वाईनबद्दल लिहायचंय तिची माझ्याकडची बाटली २०२३ सालची आहे, आणि २०२३ हे इथे डाऊनीचं साल होतं.

वाईन फ्रोंसाकची. हे नाव ऐकलं नसेल तर नवल नाही, इथे बोर्दो शहरात राहणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या कितीतरी लोकांनी फ्रोंसाकची बाटली घरी कधी आणलेली नाही. बोर्दोहून रेल्वेने अर्ध्या तासात लिबूर्न येतं. लिबूर्नला ईल नदी दोर्दोन्यला मिळते, आणि संगमाच्या पलीकडे एक टेकडी उभी आहे, ती फ्रोंसाकची. शार्लमान राजाने इसवी सन ७६९ मध्ये या टेकडीवर किल्ला उभारला होता म्हणतात. नंतर सतराव्या शतकात कार्डिनल रिशलिएने ही जहागीर घेतली आणि पुढच्या शतकात त्याच घराण्यातला मार्शल रिशलिए या प्रांताचा गव्हर्नर झाला, त्याने व्हर्सायच्या राजदरबारात इकडची वाईन रूढ केली. त्या काळात फ्रोंसाकला शेजारच्या सेंत-एमिलियोंपेक्षा जास्त भाव मिळायचा असं इथली जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात.

आज काय आहे? लिबूर्नच्या एका अंगाला पोमेरोल, जिथे पेत्र्युस नावाच्या वाईनची एक बाटली हजारो युरोंना जाते. त्याला लागून सेंत-एमिलियों, जिथे गाईडच्या मागे रांगा. आणि दुसऱ्या अंगाला फ्रोंसाक, दहा-बारा युरो. माती काही वाईट नाही. वरच्या पठारावर चुनखडक, त्यात समुद्रातल्या तारामाशांचे बारीक अवशेष सापडतात, खडकात खोदलेल्या जुन्या खाणी आणि तळघरं, अशाच खडकाचे चिरे काढून बोर्दो शहर बांधलंय. उतारावर चिकणमाती आणि वाळूचा दगड मिसळलेला थर, त्याला इथे मोलास म्हणतात, पाणी धरून ठेवतो, मेर्लो जातीच्या द्राक्षाला मानवतो. मग भाव का नाही? कारण १८५५ मध्ये बोर्दोच्या वाईनची दर्जानुसार ती प्रसिद्ध वर्गवारी झाली तेव्हा नदीच्या या बाजूचं कुणी त्यात नव्हतंच, नंतर सेंत-एमिलियोंने १९५५ मध्ये स्वतःची यादी केली, पोमेरोलला यादी न करताच नाव मिळालं, आणि फ्रोंसाक राहून गेलं. एकदा राहून गेलं की राहून जातं. आमच्याकडे पण दोन गावांची माती एकसारखी असते पण एका गावाच्या मालाला व्यापारी आधी येतो, दुसऱ्याला वाट बघावी लागते, तसंच.

पहिल्यांदा तिथे गेले ते २०२२ च्या थंडीत, एका सहकारी बाईंच्या ओळखीने. ज्या घरी गेले त्यांचं नाव इथे देत नाही, मी त्यांना विचारलेलं नाही. नऊ हेक्टर बाग, म्हणजे आपले बावीस एकर. चौथी पिढी. मादाम पासष्टीच्या, नवरा वारलेला, मुलगा बरोबर काम करतो, सून लिबूर्नला शाळेत शिकवते. लेबलवर शातो लिहिलंय, पण शातो म्हणजे राजवाडा डोळ्यासमोर आणू नका, दगडी बैठं घर, बाजूला ट्रॅक्टरची शेड, मागे वायनरी, बाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेले. बोर्दोत बाग आणि तिच्यावरचं घर एवढं असलं तरी त्याला शातो म्हणायची रीत आहे. मादाम छाटणीच्या काड्यांच्या मोळ्या बांधत होत्या. मी न राहवून विचारलं की याचं काय करता, तर म्हणाल्या, यावर मांस भाजायचं, दुसऱ्या कुठल्या लाकडावर ती चव येत नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरी याच काड्यांवर भाकरी होते. त्यांनी मोळी खाली ठेवली आणि मला आत नेऊन खुर्ची दिली.

तेव्हापासून मी दर दोन-तीन महिन्यांनी जाते, आणि दरवेळी सहा बाटल्यांचं खोकं घेऊन येते.

दादा इकडे आले २०२३ च्या जूनमध्ये. द्राक्षवाल्या माणसाला घर सोडायचं तर तेवढेच दिवस, एप्रिलची खरड छाटणी उरकलेली, ऑक्टोबरची फळछाटणी लांब. दादा माळकरी आहेत. वाईन सोडा, आमच्या घरात आल्याचा काढा सोडून दुसरं काही तिखट पेय होत नाही. तर त्यांना वाईनच्या घरी न्यावं की नाही यावर मी आठवडाभर विचार केला, शेवटी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "बाग बघायचीय मला. ते काय करतात त्या द्राक्षाचं ते त्यांचं."

त्या जूनमध्ये इथे पावसाने नुसता पिच्छा पुरवला होता. आज वळीव, उद्या ऊन, परत वळीव, आणि हवा दमट, उबदार. डाऊनीला अजून काय पाहिजे. जिरोंद म्हणजे इथला जिल्हा, त्यातल्या सगळ्या बागांमध्ये लोक हवालदिल झाले होते, त्यात मेर्लो ही जात डाऊनीला फार नाजूक. आम्ही गाडीतून उतरलो आणि दादा मादामना हात जोडून नमस्कार करून सरळ बागेत घुसले. मला वाटलेलं आधी काही दोन शब्द बोलतील, मी भाषांतर करेन, पण छे. पहिल्या ओळीत वाकून एक पान उलटं केलं, बोट फिरवलं, मला दाखवलं. वरून तेलकट पिवळट डाग, खालून पांढरी बुरशी. मग पुढच्या पानांवर निळसर पापुद्रा दिसला आणि दादांचा चेहरा उजळला. मादामकडे वळून म्हणाले, "बोर्डो!"

मादाम म्हणाल्या, "वी, वी, बोर्दो." त्यांना वाटलं पाहुणे शहराचं नाव घेतायत.

दादांनी मान हलवली, पानाकडे बोट केलं, परत म्हणाले, "बोर्डो. मोरचूद." आणि हाताने पंपाचा दांडा मारल्यासारखं केलं. एक क्षण दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मादामना उमगलं. त्यांनी तोंडावर हात घेतला आणि मुलाला हाक मारली, इकडे ये, हे गृहस्थ भारतातून आलेत आणि बुयीला बोर्दो म्हणतात! मुलगा आला. पुढचा अर्धा तास मी मध्ये फक्त आकडे सांगायचं काम केलं. किती टक्के, किती दिवसांनी, पाऊस पडला तर परत मारता का. मुलाने सांगितलं की युरोपात तांब्याला मर्यादा आहे, हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४, आणि यंदा मारलं की धुऊन जातंय, मारलं की धुऊन जातंय, हिशोब पुरा पडत नाहीये. दादा हे ऐकून फार गंभीर झाले. त्यांनी विळ्याची परीक्षा सांगितली, मुलाला ती माहीत नव्हती, तो तयार पाकीट वापरतो. पण मादामना माहीत होती. त्यांचे वडील खिळा बुडवायचे.

नंतर दादांनी बाग नीट बघितली. त्यांना सगळ्यात खटकलं ते उंचीचं. आपल्याकडे मांडव नाहीतर वाय आकाराचे आधार, घड छातीशी, डोक्याशी येतात, माणूस उभ्याने काम करतो. इथे तारेवर कंबरेएवढ्या वेली, घड गुडघ्याला, दिवसभर वाकून मोडायचं. आणि दाटी! एका हेक्टरात साडेपाच हजार वेली, आपल्या एकराच्या हिशोबाने बावीसशे, आपण नऊशे-हजार लावतो. मण्यांना ना जीएचं, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकाचं, बुडवणं, ना विरळणी करून मणी फुगवणं, आमच्याकडे थॉमसन जातीचा मणी अठरा मिलीमीटरचा व्हावा म्हणून काय काय करतो आपण, इथे मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. "आणि माल किती निघतो?" दादांनी विचारलं. मी सांगितलं, एकरी अडीच-तीन टन. ते थांबले. आमच्याकडे एकरी दहा-बारा टन निघाला नाही तर घरात बोलणी होतात. त्यांनी बोटांवर हिशोब केला. एक बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्ष. बावीसशे वेली, अडीच-तीन टन. "म्हणजे एका वेलीची एक बाटली," म्हणाले. मी हे मादामना फ्रेंचमध्ये सांगितलं, त्या म्हणाल्या, बरोबर, यंदा तेवढी पण नाही होणार.

कोपऱ्यात एक म्हातारी वेल होती, अर्धं खोड वाळलेलं. खाली, कलमाच्या जोडाच्या वर, एक जोमदार फुटवा निघाला होता. मुलगा ओळीतले फुटवे काढत चालला होता आणि त्याने त्याला हात घातला तेवढ्यात दादांनी हात आडवा केला. मादामकडे बघून मराठीतच म्हणाले, "ताई, हे राहू द्या. यावर नवं खोड होतंय." खिशातून सुतळीचा तुकडा काढला, माझ्या वडिलांच्या खिशात सुतळी कायम असते, जवळची काठी रोवली आणि फुटवा सैल गाठीने बांधून टाकला. मादाम काही बोलल्या नाहीत, मुलाला फक्त मानेने खूण केली, राहू दे.

आता वाईनकडे येते.

त्या घरची वाईन जुन्या पद्धतीची आहे आणि मला तीच आवडते. तीन हिस्से मेर्लो, उरलेलं काबेर्ने फ्राँ, आणि अगदी थोडं मालबेक, ज्याला या भागात जुनी माणसं नुआर द प्रेसाक म्हणतात. तोडणी सप्टेंबरच्या शेवटी. मणी देठापासून सुटे करून सिमेंटच्या टाक्यांत. हो, सिमेंटच्या, मादामच्या आजेसासऱ्यांनी बांधलेल्या, भिंती जाड, त्यामुळे आतला रस ना एकदम तापतो ना एकदम गार होतो. मधे वीस-तीस वर्षं सगळ्यांनी या टाक्या फोडून चकचकीत स्टील आणलं, यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता म्हणून राहिल्या, आणि आता मोठमोठे शातो परत सिमेंटच्या टाक्या बसवतायत. रस आंबायला लागला की साली वर येऊन जाड साय धरतात, मग खालून रस काढून पंपाने वरून सोडायचा, सकाळ संध्याकाळ, त्या सायीला ओलं ठेवायचं. तीन आठवडे सालीसकट. मग गाळून काही भाग २२५ लिटरच्या लाकडी पिंपात, काही सिमेंटमध्येच. दर तीन महिन्यांनी वरचं नितळ दुसऱ्या पिंपात घ्यायचं, गाळ मागे. शेवटी एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचं पांढरं, ते तळाशी बसताना उरलेला राठपणा घेऊन बसतं. दीड वर्षाने बाटली. मी मादामना विचारलेलं की नवीन पिंपं का घेत नाही, नव्या लाकडाचा वास लोकांना आवडतो. त्या म्हणाल्या, एका नव्या पिंपाचे पैसे बाटलीवर टाकले तर बाटली शेजारच्यांना परवडणार नाही, आणि शेजारी पिणार नसतील तर मी कुणासाठी करू.

दोन हजार सालाच्या आसपास या भागात एक लाट आली होती, भरपूर पिकवलेली द्राक्षं, भरपूर नवं लाकूड, गोडसर, दाट, काळीकुट्ट वाईन. अजून मिळते तशी. पहिला घोट भारी लागतो आणि दुसऱ्या ग्लासला जेवण नकोसं होतं. माझं मत विचाराल तर पैसे वाया. यांची वाईन पहिल्या घोटाला थोडी बंद असते. तुरट, पण कसा तुरट, विड्यातला कात जसा जिभेच्या कडेला धरतो तसा, जांभूळ खाल्ल्यावर तोंड जरा ओढलं जातं तसा. तासभर उघडी ठेवा. मग काळ्या मनुकांसारखा, पिकल्या करवंदासारखा वास येतो, आणि खालून ओल्या दगडाचा, पहिल्या पावसात पायरीच्या फरशीला येतो ना, तो. गोडवा नाही. जिभेवर पडते आणि निघून जाते, आणि गेल्यावर पुढचा घास खावासा वाटतो. मला वाटतं चांगल्या जेवणाच्या वाईनचं एवढंच काम.

काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर घेऊ नका, मी घेऊन बघितलंय, तिखटाने तुरटपणा भडकतो आणि दोन्हीची चव जाते. अळणी मटण मात्र, नुसती हळद, आलं-लसूण, मीठ आणि वर तूप, त्या रश्श्याबरोबर ही वाईन इतकी जुळते की मी मादामकडे एकदा डब्यात घालून नेलं होतं. काड्यांवर भाजलेलं वांग्याचं भरीत, हिरवी मिरची बेताची, ते पण.

किंमत ११ युरो. आपले साधारण अकराशे रुपये. आणि या आकड्याबद्दलच मला खरं तर सगळं लिहायचं होतं.

मादामचे सासरे सगळी वाईन टोनोने विकायचे. टोनो हे इथलं व्यापाराचं माप, ९०० लिटर, चार पिंपं. व्यापारी यायचा, चव बघायचा, भाव सांगायचा, टँकर घेऊन जायचा, आणि ती वाईन कुणाच्या तरी लेबलखाली कुठेतरी जायची. गेली काही वर्षं साध्या लाल बोर्दोच्या टोनोला हजार युरोच्या खाली भाव आहे. ९०० लिटर म्हणजे १२०० बाटल्या. करा हिशोब. बाटलीमागे एक युरो सुद्धा नाही, वर्षभराची छाटणी, बांधणी, फवारे, तोडणी सगळं धरून. लोकांना परवडेना. २०२२ च्या डिसेंबरमध्ये शेतकरी बोर्दोच्या रस्त्यावर उतरले, आणि २०२३ मध्ये सरकारने आणि वाईनच्या संघटनेने मिळून वेली उपटायला हेक्टरी ६००० युरो द्यायचं ठरवलं, साडेनऊ हजार हेक्टरसाठी. मी आता दोर्दोन्यच्या दक्षिणेला गाडीने जाते तेव्हा मोकळी रानं दिसतात, कडेला उपटलेल्या खोडांचे ढीग. पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबले होते. कारण हे मी बघितलेलं आहे. माझ्या काकांनी अवकाळीच्या तिसऱ्या वर्षी बागेवर कुऱ्हाड चालवली, चौदा वर्षांची बाग, त्या दिवशी काकू माहेरी निघून गेल्या होत्या, त्यांना आवाज ऐकवत नव्हता.

आणि त्याआधी एक वर्ष असंही गेलं की व्यापाऱ्याने आमचा सगळा माल उचलला, पहिला हप्ता दिला आणि उरलेल्याला फोन बंद. दादा दोन महिने त्याच्या गाळ्यावर चकरा मारत होते. त्या वर्षी मला अकरावीच्या क्लासची फी भरायची होती, ती आईच्या पाटल्यांतून भरली. म्हणून मादाम जेव्हा सांगतात की सासऱ्यांनंतर त्यांनी कर्ज काढलं आणि बाटल्या भरायचं मशीन असलेला ट्रक भाड्याने बोलावून स्वतःच्या दारात, स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला सुरुवात केली, त्यात दहा वर्षं जीव गेला, पण भाव कोण सांगतो तर आम्ही सांगतो, तेव्हा ते ११ युरो मला ऐकायला फार चांगले वाटतात. ती स्वस्त वाईन नाही. ती बरोब्बर किमतीची वाईन आहे. त्यात नव्या लाकडाचे पैसे नाहीत, जाहिरातीचे नाहीत, १८५५ च्या यादीतल्या नावाचे नाहीत. वेलीचे आहेत, आणि दोन माणसांच्या कंबरेचे.

तुम्हाला कुठे फ्रोंसाक किंवा तिथलीच कानों-फ्रोंसाक वाईन दिसली, पॅरिसला फिरायला गेलात, लंडनला मुलाकडे गेलात, तर घ्या. लेबलवर शातोतच बाटलीबंद केल्याची ओळ फ्रेंचमध्ये असते ती बघा, 'मी आँ बुतेय ओ शातो'. नाव माहीत असलेलंच हवं असेल तर शातो दालेम आहे, मुलँ ओ-लारोक आहे, दोन्ही घरची वाईन, किंमत जरा वर, पण पोमेरोलच्या शेजारची वाईन म्हणून बघितलं तर काहीच नाही. २०१६ किंवा २०१९ ची मिळाली तर उत्तम सालं ती. २०१७ मध्ये एप्रिलच्या शेवटी कडाक्याचा गारठा पडून, दव गोठून कोवळे कोंब जळाले होते, लोकांनी रात्रभर बागेत मेणाच्या बादल्या पेटवून ठेवल्या तरी. निफाडचा पारा घसरला की आपण पहाटे शेकोट्या लावतो, ड्रिप सोडतो, अगदी तेच, फक्त आपल्याला मणी तडकायची भीती, त्यांना कोंब करपायची.

२०२३ च्या मालात मादामचा तिसरा हिस्सा डाऊनीने गेला. जे घड वाचले ते वेचून, आजारी मणी हाताने काढून टाकून तोडले. सप्टेंबर मात्र गरम आणि कोरडा गेला. बाटली आली २०२५ च्या वसंतात, मी खोकं आणलं, आणि परवा रविवारी त्यातली पहिली उघडली. दादांना व्हिडिओ कॉल लावला. ते मळ्यात होते, फळछाटणी चालू, मागे कात्र्यांचा आवाज. मी ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी रंग बघितला, म्हणाले, "रंग धरलाय." मग विचारलं, "भाव काय लावलाय?" म्हटलं, तेवढाच, ११. "माल कमी निघाला तरी तेवढाच?" हो. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, कुणाला तरी ओलांड्यावरची काडी दाखवत राहिले, मग परत फोनकडे आले आणि विचारलं, "ती कोपऱ्यातली जगली का?"

जगलीय. खोकं आणायला गेले तेव्हा मादामनी मुद्दाम नेऊन दाखवली. जुनं खोड कापून टाकलंय, फुटव्याचं अंगठ्याएवढं खोड झालंय, सरळ तारेपर्यंत गेलंय. सुतळी कुजून तुटलीय पण गाठ अजून काठीला होती, मादामनी ती काढू दिलेली नाही. या सप्टेंबरला तिने पहिल्यांदा चार घड दिले. ते आता टाकीत आहेत, बाकीच्यांत मिसळून, आणि त्याची बाटली २०२७ मध्ये निघेल.

दादा म्हणाले, तेव्हाची एक घेऊन ये. म्हटलं, दादा, तुम्ही कुठे घेता. तर म्हणाले, "प्यायला कुठे म्हणतोय. औषधाच्या खोलीत ठेवू, मोरचुदाच्या फळीवर."